दिवा लागला होता

गाडी बाहेरच राहू द्या, आत घेऊ नका. ब्रेकचं काम सांगा, क्लचप्लेट बदलायची असेल तर परवा देतो. पण चारही चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांच्या, त्या फोर व्हीलच्या भानगडीला मी आता हात लावत नाही. पाटीवर अजून तसं लिहिलंय, खरं आहे. पाटी उतरवायला शिडी लागते आणि हल्ली मला शिडीवर चढवत नाही. बसा. एवढ्या लांबून आलात, तर तोंड पाडून परत जाण्यापेक्षा कारण तरी ऐकून जा.

सत्तावीस वर्षं मी हेच काम केलं. गाडी फाटकातून आत येता येता नुसत्या आवाजावरून बिघाड सांगायचो. गिऱ्हाईक निम्मं खोटं बोलतं, गाडी कधीच खोटं बोलत नाही, असं चारचौघांत ऐटीत म्हणायचो. तिसरा कोण खोटं बोलू शकतो, हे मला कधी कोणी विचारलं नाही.

माझा धाकटा भाऊ गेल्या वर्षी गेला. त्याचं घर टेकडीवर. डांबरी रस्ता पायथ्याशी संपतो, पुढे उभा चढ आणि नुसती सुटी खडी. त्या चढावर एका दुपारी त्याची गाडी अडली. त्यानं हँडब्रेक ओढला, उतरून मागे गेला आणि गाडी घसरत त्याच्या अंगावर आली. त्या गाडीचा हँडब्रेक फक्त मागची चाकं धरतो. पण चारही चाकं एकमेकांना जोडलेली असली, की मागच्यांबरोबर पुढचीही धरली जातात आणि गाडी जागची हलत नाही. चौकशीच्या अहवालात एकच ओळ होती, की चालकाने चारही चाकांची जोडणी न करता चढावर वाहन उभे केले. म्हणजे चूक त्याची. भेटायला येणारी माणसं हळहळत म्हणायची, 'एवढी साधी गोष्ट विसरला हो!' नऊ वर्षं रोज दोनदा तो चढ चढणारा माणूस. मी मान डोलवायचो.

त्याला अकरा महिने झाले आणि एका सोमवारी भरदुपारी भावजय ती गाडी घेऊन माझ्या दारात आली. सोमवारी आमचं गॅरेज बंद असतं, कारागीर सुट्टीवर असतात, मी एकटाच हत्यारं पुसत बसतो. हे तिला माहीत होतं. आमचं बोलणं अकरा महिने बंद होतं. चौकशी संपल्यावर गाडी तिला परत मिळाली होती. मागच्या बंपरला एक पोचा होता, बाकी गाडीला काही झालेलं नव्हतं.

फाटकातून वळताना गाडी अडखळली. टायर किंचाळले, पुढचं तोंड दोनदा हिसके देऊन वळलं. कोरड्या जमिनीवर चारही चाकं जोडून वळवलं की गाडी अशीच अंग चोरते. मी उठून उभा राहिलो.

"चार चाकांचं बटण बंद कर आधी," मी ओरडलो.

"बंदच आहे." ती उतरली. पायापासून डोक्यापर्यंत मला एकदा पाहून घेतलं. "बिघाड आहे, दादा. बघा."

"काय होतंय?"

"आपोआप चारही चाकं लागतात. बटण न दाबता."

"समोरचा हिरवा दिवा लागतो?"

"नाही." ती जवळ आली. आवाज मात्र होता तेवढाच ठेवला. "तेव्हा दिवा होता, चाकं नव्हती. आता चाकं आहेत, दिवा नाही. हे काय आहे ते तुम्ही मला सांगायचं. सांगितल्याशिवाय मी इथून हलणार नाही."

"तेव्हा दिवा होता, हे तुला कोण म्हणालं?"

"ते स्वतःच. चढावरून फोन केला होता मला. म्हणाले, गाडी ओढत नाहीये, पण दिवा लागलाय, परवाच दादानं बघितलंय, तेव्हा काळजी करू नकोस. मग म्हणाले, थांब, उतरून बघतो."

माझ्या हातातलं कापड खाली पडलं.

"चौकशीत सांगितलंस हे?"

"सांगितलं. चौकशीवाले म्हणाले, बायको आहे, नवऱ्याचीच बाजू घेणार." तिने गाडीचं दार लावलं. "आमची छोटी शाळेत सांगते, बाबा बटण दाबायला विसरले म्हणून मेले. दहा वर्षांची आहे. बापाचा राग करते ती. फोटोकडे बघत नाही."

आता तुम्हाला खरं ते सांगतो, कारण ते मला त्या क्षणीही माहीत होतं आणि त्याआधी अकरा महिने माहीत होतं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांना कायम जाते. बटण दाबलं की मधल्या पेटीतून एक लांब शाफ्ट ती ताकद पुढे नेतो आणि पुढच्या चाकांमधला एक जोड बसतो. जोड खरोखर बसला तरच समोरचा हिरवा दिवा स्थिर लागतो. नाही बसला तर लुकलुकतो. धाकट्याच्या गाडीचा दिवा लुकलुकत होता. तो मला रोज फोन करायचा. जेवताना, आंघोळीला निघालो की. "दादा, दिवा लुकलुकतोय रे." मी जॅकवर चढवून सपाटीला तपासली, जोड बरोबर बसत होता. म्हटलं, दिव्याला खबर देणारा स्विचच गेलाय. नवा यायला आठ दिवस. आणि याचं टुमणं काही थांबेना. शेवटी वैतागून मी डॅशबोर्डखाली दोन तारा पिळल्या, काळी पट्टी गुंडाळली आणि गाडी दिली. बटण दाबलं की दिवा लागणार, जोड बसो की न बसो. त्याला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा रोज फोन आला असता. एवढंच कारण, दुसरं काही नाही.

अहवाल वाचताच मी ओळखलं, स्विच चांगला होता. जोड ओढून धरणाऱ्या बारीक रबरी नळीला चीर होती. सपाटीला ती काम द्यायची. चढावर इंजिनावर जोर आला की ओढ कमी पडायची आणि जोड निसटायचा. दिवा खरंच सांगत होता. मीच त्याचं तोंड बंद केलं होतं.

तिला यातलं मी अवाक्षर बोललो नाही. म्हटलं, "बघतो."

ती स्टूल ओढून गाडीसमोर बसली. मी चारही चाकं उचलून गाडी स्टँडवर घेतली. आमच्या कामाची रीत अशी, की इंजिन चालू करून गिअर टाकायचा आणि कुठली चाकं फिरतात ते खाली वाकून बघायचं. मागची फिरायला लागली. पुढची उभी. मी मनातल्या मनात सुस्कारा सोडला.

मग पुढचं डावं चाक हळूच हललं.

घाबरण्यासारखं काही नव्हतं. तेल गार असलं की अशी ओढ लागते, हाताने धरलं की चाक थांबतं. मी दोन्ही हातांनी टायर धरला. तो थांबला नाही. मला फरफटत पुढे नेलं, पंजे टायर आणि मडगार्डच्या फटीत जाणार इतक्यात मी सोडलं. आता दोन्ही पुढची चाकं मागच्यांच्या बरोबरीने फिरत होती. समोर दिवा विझलेला.

"काय झालं?" ती बसल्या जागेवरून म्हणाली.

"तेल जाड झालंय."

"चाक थांबवता येईना तुम्हाला?"

"वय झालं."

"गेल्या वर्षी नव्हतं झालं?"

मी जोडाची नळी काढली. नळीशिवाय जोड बसूच शकत नाही. चाकं फिरत राहिली. पेटीच्या मोटरचा प्लग उपटला. चाकं फिरत राहिली. गॅरेजमध्ये जळक्या क्लचचा वास सुटला, चढावर रखडलेल्या गाडीला येतो तसा. स्टँडवर अधांतरी असलेल्या गाडीचा क्लच कशाला जळेल? त्यात गिअर ऑइलचा तो नासक्या अंड्याचा वास.  इंजिन बंद केलं. मागची चाकं थांबली. पुढची आणखी तीन फेरे फिरली आणि मग, कोणीतरी हाताने धरावं तशी, एकदम थांबली.

मग दार उघडून आत वाकलो आणि डॅशबोर्डखालच्या त्या दोन ताराही मी सोडवून टाकल्या. पट्टीचा चिकटा बोटांना लागला. तो पँटला पुसला. तिची पावलं मला उघड्या दाराखालून दिसत होती. ती हलली नाहीत. पुरावा गेला, असं मला वाटलं, आणि मला बरं वाटलं. माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत मला बरं वाटलं, हे मी आज तुम्हाला तोंडाने सांगतोय.

मग पुढचा शाफ्टच काढला. आठ बोल्ट. हातभरापेक्षा लांब, जड लोखंडी दांडा, दोन्ही टोकांना सांधे. तो काढला की पुढच्या चाकांचा इंजिनाशी काही संबंधच राहत नाही. मग कोणी काही करो, ती चाकं ओढणार नाहीत. शाफ्ट मी पुठ्ठ्यावर ठेवला आणि पुन्हा इंजिन लावलं. मागची फिरली, पुढची गप्प. दहा मिनिटं गप्प.

"झालं," मी म्हणालो. "आता आपोआप लागायचा प्रश्नच नाही. नवीन जोड मागवतो. तोवर अशीच चालव."

"मग चढावर नेऊन दाखवा."

"अगं, मागच्या दोन चाकांवर ती खडी…"

"तुम्हीच म्हणायचात ना, जिथं तक्रार तिथंच तपासणी? चला. मी चालवते."

हे मी खरंच म्हणायचो. सगळ्या गिऱ्हाइकांना म्हणायचो. धाकट्याची गाडी मात्र मी सपाटीवर तपासून दिली होती. तिला ते माहीत होतं का, कोण जाणे. मी शेजारी बसलो.

 पायथा आला. तिने गिअर बदलला आणि गाडी खडीवर घातली. मागची चाकं आता घसरणार, आपण इथेच अडकणार, उलटं वळून घरी जाणार, अशी मी वाट बघत होतो. गाडी चढत राहिली. खडी उडाली नाही, टायर फिरले नाहीत. बैलगाडी चढावी तशी ती सावकाश वर निघाली होती. माझ्या पायांखाली पुढच्या बाजूला एक घरघर ऐकू येत होती. शाफ्टचा सांधा फिरतो तेव्हा तशी येते. शाफ्ट माझ्या गॅरेजमध्ये पुठ्ठ्यावर पडला होता.

"थांब," मी म्हणालो. "थांबव गाडी."

ती अर्ध्या चढावर आली होती. तिने गाडी थांबवली. हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं आणि किल्ली मुठीत घेतली. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. ऊन एवढं, की खडीवरून डोळे दिपत होते.

"उतरा," ती म्हणाली. "मागे जाऊन बघा."

"कशाला?"

"तेही उतरले होते."

मी उतरलो. नाही म्हणायला तोंड कुठे होतं? मागे गेलो, बंपरपासून चार पावलांवर उभा राहिलो. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दरड. धाकट्याच्याही दोन्ही बाजूंना तेच असणार. तिने आपल्या बाजूचं दार उघडलं, दाराकडे वळून बसली आणि दोन्ही पाय बाहेर, पायरीवर ठेवले. मला दिसावेत असे. ब्रेकवर कोणाचाही पाय नव्हता.

"दिवा का लागला होता, दादा?"

"मला काय माहीत? बटण दाबायला तो विसरला असेल आणि फोनवर तुला…"

खडी करकरली. गाडी वीतभर मागे आली.

मी तिच्याकडे पाहिलं. तीही दचकली होती. तिने दाराची चौकट घट्ट धरली, पण पाय आत घेतले नाहीत.

"हँडब्रेक नीट ओढ!"

"ओढलेला आहे. पूर्ण. दिवा का लागला होता?"

"स्विच खराब होता… मी मागवला होता… आठ दिवस लागणार होते, त्यात माझी काय…"

मागची दोन्ही चाकं न फिरता, धरलेली, तशीच्या तशी घसरत खाली आली. बंपर माझ्या गुडघ्याला टेकला. बाजूला व्हायचं म्हणून पाय उचलला, तर टाचेखालची खडीच सरकली आणि मी बसलो. बंपरचा तो पोचा माझ्या छातीसमोर आला. जळक्या क्लचचा वास. गाडी बंद होती हो, इंजिन बंद होतं, आणि तो वास…

"मी तारा जोडल्या होत्या!" मी किंचाळलो. "मी! डॅशबोर्डखाली! दिवा खोटा होता… त्याने बटण दाबलं होतं, सगळं नीट केलं होतं त्याने… मी त्याला सांगितलं नाही… आज मीच त्या तारा काढल्या!"

कडकन आवाज झाला. सांधा बसतो तसा. गाडी थांबली. मी बसल्या बसल्या खालून पाहिलं. पुढची चाकं खडीत रुतून बसली होती. मागच्यांसारखीच धरलेली, ताठ. आणि पेटीपासून पुढच्या चाकांपर्यंत, जिथे शाफ्ट असायला हवा, तिथून पलीकडचा चढ स्वच्छ दिसत होता.

भावजय रडली नाही. उतरून माझ्याजवळ आली आणि माझ्या अंगावर उभी राहून म्हणाली, "अकरा महिने, दादा."

मी खडीवर हात टेकून उठू लागलो.

"दोन गोष्टी करायच्या. छोटीला तुम्ही स्वतः सांगायचं, आज. आणि चौकशी कार्यालयाला लिहून द्यायचं, सहीनिशी. या गाडीला मात्र पुन्हा हात लावायचा नाही. शाफ्ट तुमच्याकडेच ठेवा. तुमच्या हातचं काही नको मला."

"त्याच्याशिवाय हा चढ रोज…"

"आज चढली ना?"

तिने मला गाडीत घेतलं नाही. उरलेला चढ मी तिच्या मागून चालत चढलो.

पुतणी त्या दिवशी एकटीच शाळेतून चालत आली होती, पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होती. मी तिच्यासमोर उकिडवा बसलो आणि सांगितलं. तिला कळेल अशा शब्दांत, पण सगळं. ती नाडीकडेच बघत होती.

"म्हणजे बाबांनी बटण दाबलं होतं?"

"दाबलं होतं."

"ब्रेकपण ओढला होता?"

"ओढला होता. त्याचं काहीच चुकलं नाही."

तिने एक बूट काढला. "मी सगळ्या वर्गाला सांगितलं, ते विसरले म्हणून," ती म्हणाली. मग उठली, एका पायात बूट तसाच, आत गेली आणि भिंतीवरच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिली. मला कोणी आत बोलावलं नाही. एवढा मी आयुष्यात कधी शरमलो नव्हतो.

त्या रात्री मी कागद लिहिला. सगळा. सही केली, पाकिटात घातला. पाकीट या टेबलाच्या खणात आहे.

हो, अजून आहे. बघू नका असं. परवाना जाईल, दोन कारागिरांची पोटं आहेत, कदाचित कोर्टकचेरी. उद्या टाकू, उद्या टाकू करत राहिलो. पंधरवड्याने भावजयीचा फोन आला. "टाकलं का?" एवढंच. मी म्हणालो, "टाकलं." चौकशीतून माझ्या भावाचं नाव अजून निघालेलं नाही, आणि तिला वाटतंय, सरकारी काम आहे, वेळ लागतो.

फोनवर खोटं बोललो त्या दिवशी दुपारी मी तो शाफ्ट जागेवरून उचलायला गेलो आणि त्याचा सांधा हाताला कोमट लागला. उन्हाने असेल म्हटलं, तर तिथे ऊन येत नाही. चालत्या गाडीचा शाफ्ट तापतो तसा तो तापला होता, टोकांना जास्त, मध्ये कमी. दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी तापला, शाळा सुटल्यावर भावजय छोटीला घेऊन चढ चढते त्या वेळी. वाटलं, ठीक आहे, तिकडे काम करतोय बिचारा. मनाला तेवढंच समाधान. पण रविवारी गाडी अंगणात उभी असते, मी माणूस पाठवून खात्री केली, आणि रविवारी तो जास्त तापतो. परवा त्यातलं ग्रीस वितळून जमिनीवर आलं. काल मी पकडायला घेतलेलं कापड करपलं. चढ रोज थोडा अधिक उभा होत असावा, तशी घरघर असते हल्ली. त्या कोपऱ्यात बघा, गोणपाटाखाली.

आज रविवारच आहे. वेळ झालीच आहे. तुम्ही जरा दाराकडे सरका, आणि निघताना एवढं करा, खण उघडा आहे, पाकीट तुम्ही घेऊन जा आणि वाटेत टपालपेटीत टाका. मी उठून देतो म्हणतोय मघापासून… पण या सपाट फरशीवरसुद्धा माझी खुर्ची चढावरच्या गाडीसारखी मागे सरकायला लागलीय.